टोपीखालचं घर

हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक लांब अरुंद भेग आहे, बामणघळ. भरतीला लाटा तिच्यात घुसतात आणि पाणी फवाऱ्यासारखं उसळतं. ते बघायला लांबून माणसं येतात, फोटो काढतात आणि पाणी उतरायला लागलं की गाड्यांत बसून निघून जातात. माझा दिवस तेव्हा सुरू होतो. पाण्याखालून काळा खडप वर येतो आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या, उन्हात पांढरट दिसणाऱ्या हजारो टोप्या दिसू लागतात. आम्ही मुलं त्यांना टोप्याच म्हणायचो. पुस्तकात त्यांचं नाव लिम्पेट. गोगलगाईच्याच जातीचा हा जीव, फक्त याचा शंख वळलेला नाही, सरळ शंकूसारखा आहे.

एकोणतीस वर्षं मी याच तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्याआधीपासून आत्याचं बोट धरून या खडपात फिरले. जे शिकले त्यातलं बरंचसं उशिरा शिकले. ते इथे लिहिते आहे.

१. खडपात जायचं तर आधी तिथी बघावी.

आत्या कालवं काढायला जायची. घड्याळ तिच्याकडे नव्हतं, कालनिर्णय होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि तिथून सहा तासांनी, रात्री दहाच्या सुमारास, सुकती. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणून सुकती पहाटे सव्वापाचला आणि संध्याकाळी तशीच. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, पण हिशेब फारसा चुकत नाही. पुढे मी भरती-ओहोटीची छापील कोष्टकं वापरायला लागले तेव्हा तिचा हिशेब त्यांच्याशी ताडून बघितला आणि मला तिच्याबद्दल नव्याने आदर वाटला.

उधाणाच्या दिवशी पाणी खूप मागे जातं, तेव्हा खालचा कातळही बघायला मिळतो. भांगाच्या दिवसांत पाणी ना पुरतं चढतं ना पुरतं उतरतं. पोचायचं ते सुकतीच्या तासभर आधी, आणि पाणी फिरलं की निघायचं. "समुद्राकडं पाठ करायची नाय, बाय," आत्या म्हणायची. हे एवढं एक वाक्य मी प्रत्येक वर्गाला खडपात उतरण्याआधी सांगितलं आहे.

२. टोपी उपटून बघू नये.

हा धडा मला माझ्या चुकीने मिळाला. कॉलेजात असताना प्राणिशास्त्राच्या संग्रहासाठी नमुने आणायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि एका सुकतीला बावीस टोप्या काढल्या. काढायची युक्ती गावातल्या मोठ्या मुलांकडून माहीत होती. हळूच जायचं आणि सावध व्हायच्या आत कडेने एक आडवा टोला द्यायचा. तेवढ्यात सुटली तर सुटली. पहिला टोला चुकला, की टोपी कातळाला अशी आवळून बसते की शंख फुटेल, पण जीव सुटत नाही.

शंखाखाली एकच रुंद, मांसल पाय असतो. त्याच्यापासून शंखापर्यंत घोड्याच्या नालेच्या आकाराचा स्नायू गेलेला असतो. धक्का लागला की तो स्नायू आखडतो आणि शंख खाली ओढला जातो. पायाखाली चिकट द्रव असतो, तो नुसता डिंक नव्हे. पाणी वर असतं, जीव हालचालीच्या तयारीत असतो, तेव्हा पाय बराचसा शोषून धरतो. पाणी ओसरल्यावर एका जागी बसायचं असतं तेव्हा तोच द्रव घट्ट चिकटवणाऱ्या पदार्थासारखं काम करतो. आखडून धरणं, शोषून धरणं, चिकटवून धरणं असे तिन्ही उपाय वेळ बघून वापरणारा हा जीव आहे.

बावीसपैकी मला लागणार होत्या चार. उरलेल्या अठरा मी पलीकडच्या एका दगडावर नेऊन ठेवल्या. त्या धरतील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दगड रिकामा होता. खालच्या डबक्यात सहा-सात शंख उताणे पडले होते आणि त्यांच्यात खेकडे शिरलेले होते. पाय दुखावला की धरता येत नाही, आणि न दुखावता सुटला तरी कुठल्याही दगडावर ठेवून भागत नाही. का, ते पुढे येतं.

३. रात्री जावं, एका दगडापाशी बसावं आणि तिथून उठू नये.

दिवसा बघितलं तर लिम्पेट म्हणजे कातळाचाच एक फुगवटा वाटतो. ती न हलणारी वस्तू आहे असं मी कितीतरी वर्षं मानत होते. आणि अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की हा प्राणी खडक सोडून चरायला जातो. त्याने तो नीट बघितला होता.

नोकरी लागल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, मार्गशीर्षातल्या एका पंचमीला, भाऊ आणि मी असे दोघं संध्याकाळी आठलाच जाऊन बसलो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावला होता. साध्या पांढऱ्या उजेडाने त्यांचं चालणं बिघडेल अशी मला भीती वाटत होती. दुपारी बारा टोप्यांवर लाल नेलपॉलिशने आकडे घातले होते आणि प्रत्येकीच्या कडेशी कातळावर एक ठिपका दिला होता. पाणी उतरत होतं, पण लाटेचा फेस अजून दगडावरून जात होता. कातळ ओला होता.

सुरुवातीला काही घडलं नाही. मग सात नंबरच्या टोपीची कड कातळापासून दोऱ्याएवढी वर उचलली गेली. त्या फटीतून दोन बारीक शिंगं बाहेर आली. त्यांनी डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, आणि टोपी सरकली. मिनिटाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी. जाताना ती डोकं सारखं या कडेवरून त्या कडेला फिरवत होती आणि तिच्या मागे ओल्या कातळावर नागमोडी, स्वच्छ पट्टा उमटत होता. तासाभरात ती वीतभर गेली. मग एक वळण घेऊन, आपल्याच वाटेच्या आसपासने, परत फिरली. चिकट द्रवाची जी वाट ती मागे सोडते तिचा माग काढत ती परत येते, असं अभ्यासक सांगतात. माझ्या डोळ्यांसमोर ती आपल्या ठिपक्याशी आली, थोडी पुढे गेली, थांबली, आणि जाग्यावर गोल फिरायला लागली. एकदा, दोनदा, जशी आपण डब्याच्या झाकणाची खाच जुळवतो तशी. कड बसली, शंख खाली आला आणि फट मिटली.

त्या गोल फिरण्यातच सगळं आहे. कातळ कधी सपाट नसतो. शंखाची कड वाढताना त्या जागेच्या उंचसखल पृष्ठभागाप्रमाणेच वाढते. दगड मऊ असेल तर उलट दगडच घासला जातो आणि टोपीच्या आकाराचं खळगं पडतं. आमच्याकडच्या काळ्या कातळात खळगं जेमतेम जाणवतं, फक्त एक फिकट कडं दिसतं. ज्या टोपीची कड या जागी घट्ट बसते ती दुसरीकडे बसत नाही, फट राहते. त्या फटीतून ओल जाते, ऊन शिरतं, खेकड्याची नांगी शिरते. इंग्रजी पुस्तकांत या जागेला जे नाव आहे त्याचा अर्थ घराचा वण असा होतो. मला तो शब्द फार योग्य वाटतो. माझ्या अठरा टोप्या दगडावर होत्या, पण त्या बेघर होत्या.

बारापैकी आठ त्या रात्री आपल्या ठिपक्याशी परत आल्या. तीन हातभर अंतरावर बसल्या. एक दिसली नाही.

४. टोपी सारखी, म्हणून जीव एक असं धरून चालू नये.

परत आलेल्या आठांपैकी सहा एका प्रकारच्या होत्या, हे मला सकाळी उजेडात कळलं. आमच्या खडपात मुख्यतः दोन वेगळी घराणी राहतात. एक खरे लिम्पेट, सेलाना. हे पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतात. दुसरे सायफोनेरिया, ज्यांना खोटे लिम्पेट म्हणतात. हे खरं तर बागेतल्या गोगलगाईंना जवळचे, त्यांच्यात फुप्फुसासारखी पोकळी असते आणि हवेतलाही श्वास ते घेऊ शकतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे शंखाची उजवी बाजू. सायफोनेरियाच्या शिरा उठावदार असतात आणि उजवीकडे एक शीर फुगून कडेबाहेर आलेली असते. हवा-पाणी आत घेण्याची वाट तिच्याखालून जाते. एकदा ती खूण दिसली की मग चुकत नाही.

दोघांची पिल्लं होण्याची तऱ्हाही वेगळी. सेलाना अंडी आणि शुक्रपेशी सरळ पाण्यात सोडतात, पुढचं सगळं समुद्रावर. सायफोनेरिया कातळावर अंड्यांची पट्टी लावतात. पिवळसर पांढरी, जेलीसारखी, कुरडई अर्धवट घातल्यासारखी गोल. पावसानंतर डबक्यांच्या कडेने त्या पट्ट्या पुष्कळ दिसतात. सातवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, इथे कोणीतरी काहीतरी सांडलंय." भिंगातून बघितल्यावर पट्टीतले बारीक ठिपके तिला दिसले आणि पुढचा अर्धा तास ती तिथून हलली नाही. मीही तिला हाक मारली नाही.

५. शांत रात्री कान कातळाला लावून बघावा.

वारा पडलेला असेल आणि लाट लांब असेल तर ऐकू येतं. बारीक खरवड, नारळ खवताना पलीकडच्या खोलीत यावी तशी. लिम्पेटच्या तोंडात फितीसारखी जीभ असते आणि तिच्यावर दातांच्या ओळी. कातळावरचा शेवाळाचा साय-पापुद्रा हा जीव तिने खरवडून खातो. सोबत थोडा दगडही झिजतो. पुढचे दात झिजले की गळतात आणि मागून नवे पुढे सरकतात. युरोपातल्या साध्या लिम्पेटची ही फीत शंखाच्या लांबीपेक्षाही मोठी असते, गुंडाळून पोटात ठेवलेली.

२०१५ मध्ये इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले आसा बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या युरोपीय लिम्पेटचा दात सूक्ष्मदर्शकाखाली ताणून बघितला. तो तुटायला ३ ते ६.५ गिगापास्कल एवढा ताण लागला. कोळ्याच्या धाग्यापेक्षा जास्त. सजीवांत मोजलेला इतका मजबूत पदार्थ तोवर माहीत नव्हता. या दातात गोएथाइट नावाच्या लोहखनिजाचे अतिबारीक तंतू असतात. हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या घराच्या जांभ्याच्या भिंतीकडे बराच वेळ बघत बसले, कारण जांभ्याला त्याचा तांबडा-पिवळा रंग देणाऱ्या खनिजांत गोएथाइट आहेच. आपण ज्याच्या भिंती बांधतो, तेच खनिज हा जीव आपल्या शरीरात बनवतो आणि त्याने कातळ खरवडतो.

६. कातळ अवेळी हिरवा दिसला तर तिथून कोण गेलं ते शोधावं.

त्या बावीस टोप्या मी काढल्या ती जागा साधारण सुपाएवढी होती. मकरसंक्रांतीला परत आले तेव्हा ती मला लांबूनच ओळखू आली. आजूबाजूचा कातळ काळा आणि तेवढाच तुकडा हिरवागार. पावसाळ्यात सगळाच खडप हिरवा होतो, पण हा जानेवारी होता. मी काय केलं ते कातळावर रंगवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

हेच फार मोठ्या प्रमाणावर इंग्लंडात झालं. १८ मार्च १९६७ ला टोरी कॅनियन नावाचं तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर आदळलं. त्यात सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल होतं. किनारे लवकर स्वच्छ व्हावेत म्हणून त्यांवर हजारो टन डिटर्जंट ओतलं गेलं, आणि तेलापेक्षा त्यानेच लिम्पेट जास्त मेले. ते गेले आणि काही आठवड्यांत खडक हिरव्या शेवाळाने झाकले गेले. मग तपकिरी समुद्रवनस्पती दाट वाढल्या. त्यांच्या आडोशाला पुढे लहान लिम्पेट आले, खूप झाले, सगळं खाऊन संपवलं आणि मग उपासमारीने पुन्हा कमी झाले. ही घडी पूर्ववत व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तिथल्या अभ्यासकांना हे अगदी अनपेक्षित नव्हतं, कारण १९४० च्या दशकात आयल ऑफ मॅनवर एका पट्ट्यातले लिम्पेट मुद्दाम काढून त्यांनी हिरवळ उगवताना बघितली होती.

आपल्या किनाऱ्यावर पावसाच्या तोंडावर डांबरगोळे येतात. पुळणीवर ते दिसतात, पायाला लागतात, त्यांच्याबद्दल बातम्याही येतात. खडपात काय होतं ते बघायला कोणी उतरत नाही. माझं म्हणणं आहे की किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेने आपल्या खडपातला सुपाएवढा एक तुकडा ठरवावा आणि महिन्यातून एकदा त्यावरच्या टोप्या मोजून वहीत लिहाव्यात. दोरी, खडू आणि वही एवढं साहित्य पुरतं. जे आधी किती होतं तेच माहीत नाही, ते कमी झालं हे कोण सांगणार?

७. सगळ्यात कठीण वेळ अष्टमीच्या दुपारची.

हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि तेही आत्याच्याच हिशेबाने. पौर्णिमा-अमावास्येला सुकती पहाटे आणि संध्याकाळी असते, भर दुपारी भरती. म्हणजे ऐन उन्हात कातळ पाण्याखाली गार. अष्टमीला मात्र सहा वाजता भरती आणि बारा वाजता सुकती. शिवाय भांग असल्यामुळे वरच्या कातळापर्यंत पाणी पोचतच नाही. वैशाखात अष्टमीच्या आसपास वरच्या टोप्या दिवसचे दिवस तशाच तापतात. त्या कातळावर मला तळवा टेकवता आला नाही.

त्या कशा तगतात? एक तर कड जुळवून आतली ओल धरून ठेवतात. दुसरं, शंखाचा आकार. १९७१ मध्ये राव आणि गणपती यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या वॉल्टेअर इथल्या सेलानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कातळावर वर राहणाऱ्यांचे शंख उंच आणि खाली राहणाऱ्यांचे बसके असतात, असं त्यात आहे. मी पट्टी घेऊन गेले. आमच्याकडेही वरच्या रांगेतल्या टोप्या उंच निघाल्या. उंच शंखाचा तळ त्या मानाने लहान, म्हणून तापलेल्या कातळाशी स्पर्श कमी आणि वाफ होऊन जाणारी ओलही कमी. हाँगकाँगमध्ये सेलानाच्या एका भाऊबंदाला अति उन्हात शंख कातळापासून छत्रीसारखा वर उचलताना बघितलं गेलं आहे. ती ओल सोडून अंग गार करायची धडपड असते आणि ती फार वेळ करता येत नाही. मीही दोनदा ते बघितलं, दोन्ही वेळा एप्रिलात. दोन्ही टोप्या दुसऱ्या दिवशी तिथे नव्हत्या.

तेव्हापासून उन्हाळ्यात मुलांना नेते तेव्हा मी त्यांना टोप्यांवर पाणी ओतू देत नाही. दया वाटून ओततात, पण गार पाण्याने तो जीव भरती आली असं समजून कड उचलतो, आणि पाणी तर मिनिटात वाळतं.

८. पावसाळ्यात जाऊ नये. कातळावर पाय ठरत नाही आणि लाट मोजता येत नाही. हवाई बेटांवर या सेलानाच्याच जाती लोक आवडीने खातात, ओपिही म्हणतात त्यांना.  लाटांच्या तोंडावरून ओपिही काढताना तिथे माणसं वाहून जातात, आणि ती समुद्र चांगला ओळखणारी माणसं असतात.

९. एकाच जागी वर्षानुवर्षं जावं.

सात नंबरच्या टोपीवरचं नेलपॉलिश पहिल्याच पावसाळ्यात खरवडलं गेलं, पण तिच्या शंखाला एका बाजूला जुनी फूट होती, तिच्यावरून मी ती ओळखायचे.  पुढचे दोन हिवाळे ती त्याच फिकट कड्यात बसलेली सापडली. तिसऱ्या वर्षी कडं रिकामं होतं. मी त्यात बोट फिरवलं तेव्हा कड अजून हाताला लागत होती, पाटीवर जुनं अक्षर लागावं तशी.

गेल्या माघात त्याच कड्यात करंगळीच्या नखाएवढी एक टोपी बसलेली दिसली. कडं मोठं, टोपी लहान, एका बाजूला ती कड्याला टेकलेली आणि बाकी तिन्ही बाजूंना मोकळा कातळ. लाट येऊन गेली तरी हलली नाही. मी तिचं मोजमाप वहीत लिहिलं आहे, ८ मिलिमीटर. येत्या पंचमीला परत जाणार आहे. आत्या आता खडपात उतरत नाही, पण त्या दिवशी मी येईपर्यंत ती देवळाच्या पायरीवर बसून राहते.